क्रूझ लागत नाही? आधी गाडीच्या मागे जाऊन उभे राहा: जुन्या बसवाल्यांनो, या चुका टाळा

नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागलं की पुढे मुंबईजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता आहे. नागपुरातल्या बऱ्याच जुन्या लक्झरी गाड्यांतलं क्रूझ कंट्रोल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता गाडीचा वेग धरून ठेवणारी सोय, वर्षानुवर्षं कुणी वापरलेलं नसतं. या रस्त्यावर ड्रायव्हर ते पहिल्यांदा दाबतो आणि क्रूझ काही लागत नाही. मग हिंगणा रोडच्या नाहीतर वाडीच्या गॅरेजात डॅशबोर्ड उघडला जातो, स्टिअरिंगवरचा स्विच बदलतो, कुणी तर थेट इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल युनिटच गेलं म्हणून सांगतो. एवढा खर्च होईपर्यंत मागचे ब्रेक लाइट कुणी पाहिलेलेच नसतात.

कंट्रोल युनिटला 'ब्रेक दाबलाय' असा सिग्नल मिळत असेल, तर ते क्रूझ लागूच देणार नाही, आणि हे बरोबरच आहे. क्लचचा स्विच आणि स्पीड सेन्सर यांचंही ते ऐकतं, पण जुन्या गाडीत सर्वाधिक त्रास ब्रेकच्या सिग्नलचाच. कित्येक गाड्यांत तो सिग्नल आणि ब्रेक लाइटचा करंट एकाच स्विचवरून किंवा एकाच वायरवरून येतो. म्हणून इग्निशन चालू करायचं, पेडलला पाय लावायचा नाही आणि कुणाला तरी मागे उभं करायचं. ब्रेक लाइट पेटलेलेच असतील, तर क्रूझच्या सिस्टिमला हात लावायची गरज नाही.

एअर ब्रेकच्या गाडीत ब्रेक लाइटचा स्विच हवेच्या दाबावर चालतो. इथे एक चूक हमखास होते. सकाळी टाकी रिकामी असताना पेडल दाबून पाहतात, लाइट लागत नाही आणि चांगला स्विच फेकून देतात. लाइनमध्ये हवाच नसेल तर स्विच जुळणार कसा? चाकांना गुटके लावा, इंजिन चालू करून टाकी पूर्ण भरू द्या आणि मग तपासा. उलट लाइट सतत पेटलेला असेल, तर स्विचच्या वायरी काढा. काही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या सर्किटला वेगवेगळे स्विच असतात, तेव्हा दोन्हींच्या काढा. लाइट विझला तर स्विच चिकटलाय. हवेच्या टाक्यांतलं पाणी रोज न काढणाऱ्यांच्या गाडीत, त्यातही पावसाळ्यात, हे जास्त होतं. तरीही विझला नाही, तर करंट दुसरीकडून येतोय. रिटार्डर (चाकाचे ब्रेक न वापरता गाडीचा वेग कमी करणारी यंत्रणा) असेल तर त्याचा रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, आधी पाहा, कारण काही गाड्यांत रिटार्डरही ब्रेक लाइट पेटवतो.

सगळ्यात जास्त फसवणारी तक्रार अशी असते: "भाऊ, दिवसा बराबर चालते, रात्री लाइट लावला का क्रूझ सुटते." यात कंट्रोल युनिटचा काही दोष नसतो. टेल आणि ब्रेक या दोन्ही कामांसाठी बऱ्याच गाड्यांत मागे एकच डबल पॉइंट, म्हणजे दोन फिलामेंटचा, बल्ब असतो. त्या होल्डरमध्ये कुणीतरी सिंगल पॉइंटचा बल्ब दाबून बसवला, की त्याचं एकच टोक होल्डरच्या दोन्ही पॉइंटना जोडून टाकतं. तुटलेली फिलामेंट दुसरीला चिकटली तरी तेच होतं. मग टेल लाइट लावताच तिचा करंट ब्रेकच्या वायरमधून उलटा पुढे जातो आणि युनिटला वाटतं, ब्रेक दाबला. पाच मिनिटांत सगळे मागचे बल्ब काढून पाहिले तर हा दोष सापडतो. ते न पाहता आख्खं वायरिंग उकलणारे मी बरेच पाहिलेत, आणि त्याचं बिल गाडीमालक भरतो याचं खरंच वाईट वाटतं.

अर्थिंगचाही असाच प्रकार. मागचं पॅनल फायबरचं असलं तर अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट, बॉडीतून मिळत नाही, वेगळी वायर चेसिसपर्यंत न्यावी लागते. ती गंजली की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतात. ब्रेक दाबून धरा आणि मल्टिमीटरने लॅम्पचा अर्थ व बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर ते टोक घासून नव्याने आवळा.

साधे बल्ब काढून एलईडी लावताना थांबा. काही जुन्या क्रूझ सिस्टिम बल्बच्या फिलामेंटमधूनच अर्थ घेतात, त्यामुळे एलईडी लावल्यावर क्रूझ लागतच नाही. समांतर रेझिस्टर लावता येतो, पण तो तापतो. त्याला धातूवर बसवा, फायबरवर किंवा वायरींच्या जुडग्यावर नको.

फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकणं, किंवा वायरचा तुकडा जोडणं, हा तर आगीला आमंत्रण देणारा प्रकार आहे. २४ व्होल्टवर २१ वॅटचे चार बल्ब जेमतेम साडेतीन अँपिअर घेतात. १० अँपिअरचा फ्यूज उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. इंजिन मागे असलेल्या गाडीत इंजिनचं दार जिथे वळतं तिथे वायरी घासतात. त्यात इंजिनची धग आणि नागपूरचा मे महिना, त्यामुळे इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. शोध तिथून सुरू करा.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. क्रूझ सुटू नये म्हणून ब्रेकच्या सिग्नलची वायर तोडणं किंवा बायपास करणं. चाळीस झोपलेले प्रवासी मागे असताना ड्रायव्हर ब्रेक दाबेल आणि इंजिन तरीही वेग धरून ठेवायला बघेल. असं करून देणाऱ्या मेकॅनिककडे गाडी पुन्हा नेऊ नका. आठ वर्षांपुढच्या गाडीची फिटनेस तपासणी दरवर्षी होते, पण तिथे पास झालेली गाडी रस्त्यावर या बाबतीत सुरक्षित आहेच असं धरून चालू नका.

काम झाल्यावर रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या. क्रूझ लावा आणि पेडलला नुसता हलका पाय लावा. क्रूझ लगेच सुटलं पाहिजे. मग टेल लाइट लावून हेच पुन्हा करा, आणि शेवटी दोन्ही इंडिकेटर लावूनही. क्लच असेल तर तो दाबूनही पाहा. यातल्या एकाही वेळी क्रूझ सुटायला वेळ लागला, तर ती गाडी त्या रात्रीच्या ट्रिपला क्रूझ न वापरता पाठवा.