महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी लाइटिंग: माळ, स्ट्रिप, सीओबी, निऑन की पिक्सेल?

आराशीत लाइटिंगची खरेदी सगळ्यात शेवटी होते आणि दुकानात जो रोल समोर येईल तो घरी येतो. त्याआधी उजेड नेमका कशावर पडणार आहे ते ठरवा. पितळी मुखवटे, जरीचा पदर आणि मागचा पडदा या तिघांना एकच लाईट मानवत नाही.

पितळी मुखवटा आरशासारखा वागतो. साध्या एलईडी स्ट्रिपचा एकेक दाणा (छोटा दिवा) गालावर वेगळा ठिपका होऊन चमकतो आणि चेहरा ठिपक्या-ठिपक्यांचा दिसतो. सीओबी स्ट्रिपमध्ये बारीक चिप अगदी खेटून बसवलेल्या असतात आणि त्यावर सलग पिवळा थर असतो. त्यामुळे गालावर एकच मऊ रेघ उमटते. मुखवट्यांसाठी सीओबीच घ्या. ती दुधी झाकणाच्या अ‍ॅल्युमिनियम चॅनेलमध्ये बसवून मखराच्या वरच्या आडव्या पट्टीला, मूर्तीच्या थोडी पुढे लावा. पायाशी ठेवलेल्या लाईटने नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि चेहरा भेसूर दिसतो.

उजेडाचा रंग ३००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे पिवळसर घ्या. ६५०० केल्विनचा पांढरा उजेड पितळ फिकट करतो आणि जरीची ऊब घालवतो. पाकिटावर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, पाहा. ९० च्या वर असेल तर पैठणीचा लाल-डाळिंबी रंग खरा दिसतो, ८० च्या खाली गेला की तो तपकिरीकडे झुकतो. पाकिटावर आकडा नसेल तर खिशात कुंकवाची पुडी घेऊन जा. चिमूटभर कुंकू आधी दुकानातल्या पेटत्या स्ट्रिपखाली धरा, मग बाहेर उन्हात. दोन्हीकडे सारखं दिसलं तर स्ट्रिप चांगली.

मागच्या पडद्याला ५०५० मापाच्या दाण्यांची साधी स्ट्रिप चालते, कारण तिथे दाणे झाकलेले असतात. मात्र हिशोब करूनच घ्या. मीटरला ६० दाण्यांची १२ व्होल्टची स्ट्रिप मीटरमागे साधारण १४.४ वॅट खाते. तीन मीटरला ४३ वॅट, म्हणजे ३.६ अँपिअर लागतात. अ‍ॅडॉप्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त ताणू नये, म्हणून इथे ५ अँपिअरचा घ्या. पूर्ण पाच मीटरच्या रोलला ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर लागतात. तिथे ५ चा जोडला की तो तापून बंद पडतो आणि दोष स्ट्रिपला दिला जातो. ६० दाण्यांची १२ व्होल्टची स्ट्रिप दर तीन दाण्यांनंतर, कात्रीच्या खुणेवरच कापा.

रोलचं शेवटचं टोक मंद दिसतं, कारण व्होल्टेज वाटेतच गळतं. रंगीत स्ट्रिपमध्ये निळा आणि हिरवा आधी मंदावतो, म्हणून टोकाला पांढऱ्याऐवजी लालसर उजेड दिसतो. उपाय सोपा आहे: पाच मीटरला दोन्ही टोकांनी सप्लाय द्या. अ‍ॅडॉप्टर लांब ठेवायचा असेल तर वायर जाड घ्या. पाच मीटर अंतरावर ६ अँपिअर नेताना १ स्क्वेअर एमएम वायरमध्ये सुमारे १ व्होल्ट गळतो, २.५ मध्ये अर्ध्याहून कमी. जोड सोल्डर करा. दाबून बसवायचे क्लिप सणाच्या धावपळीत हलतात आणि लाईट मिचमिचते.

स्ट्रिपमागचा चिकट थर चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर टिकत नाही. पत्र्याच्या घरात दुपारच्या उष्णतेने तो सुटतोच. म्हणून चॅनेल स्क्रूने बसवा आणि स्पिरिटने पुसून त्यात स्ट्रिप चिकटवा. चॅनेल उष्णताही ओढून घेतं.

निऑन फ्लेक्स नावापुरताच निऑन. आत एलईडी आणि वर सिलिकॉनची नळी असते. ओम, स्वस्तिक किंवा अक्षरं काढायला तो उत्तम, पण तो एकाच दिशेने वळतो. घेताना आडवा वळणारा की उभा, हे विचारा. उलट दिशेने पिळला तर आतली पट्टी तुटते.

२३० व्होल्टची तोरणाची माळ दारावर ठीक, पण साड्या आणि फुलांच्या ओलाव्याजवळ नको. तिचे दाणे सिरीजमध्ये असतात. एक सुटला की तेवढा तुकडा विझतो, आणि उघड्या जोडाला हात लागला तर सरळ शॉक बसतो.

पळत्या रंगांसाठी पिक्सेल, म्हणजे प्रत्येक दाण्याचा रंग वेगवेगळा बदलता येणारी स्ट्रिप. तिच्यातल्या डब्ल्यूएस२८१२बी प्रकाराचा एकेक दाणा पूर्ण पांढऱ्यावर साधारण ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे शंभर दाण्यांना ५ व्होल्ट ६ अँपिअर. स्ट्रिपवरच्या बाणाच्या दिशेनेच जोडा. एक दाणा गेला की पुढचे सगळे गप्प. तीन दिवसांच्या आराशीत ही जोखीम नको असेल तर डब्ल्यूएस२८१५ घ्या. त्यात डेटाची जादा वायर असते, म्हणून एक दाणा गेला तरी पुढचे चालू राहतात.

लाईट गेल्यावर १२ व्होल्टची स्ट्रिप बॅटरीवर चालवता येते. प्लसच्या वायरीवर, बॅटरीजवळच फ्यूज टाका, आणि चार्जिंग सुरू असताना जोडू नका. तेव्हा व्होल्टेज १४ च्या वर चढतं आणि दाणे जळू शकतात.

आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी सगळं दोन तास पेटवून ठेवा. अ‍ॅडॉप्टरवर हात ठेववत नसेल तर मोठा आणा. तो साडीच्या घडीत लपवू नका, हवा लागेल असा ठेवा. विसर्जनानंतर स्ट्रिप ताटाएवढ्या वेटोळ्यात गुंडाळा आणि तिच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट-अँपिअर लिहून दोन्ही एकाच पिशवीत ठेवा.