चायनीज भेळेच्या नूडल्स घरी तळताना या चुका टाळा

जळगावात चायनीज भेळेच्या गाडीवर मिळणाऱ्या कुरकुरीत नूडल्स घरी तळल्या की हलक्या होतात, हा समज मला दर सुट्टीत ऐकावा लागतो. मैदा घरीही मैदाच राहतो. फरक पडतो तो तेलाने, आणि तेल किती मुरले हे कोणी मोजत नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीने उकडलेल्या नूडल्स नीट निथळू न देता, तेल तापण्याचीही वाट न पाहता, एकदम कढईत सोडल्या. फेस काठापर्यंत चढला, तेल निवले आणि नूडल्स कडक होईनात म्हणून त्या बराच वेळ तेलातच राहिल्या. मी सवयीने आधी 500 ग्रॅम तेल तोलून घेतले होते. शेवटी 390 ग्रॅम उरले. कागदाला लागलेले थोडे सोडले, तरी 110 ग्रॅम तेल, म्हणजे ग्रॅमला 9 प्रमाणे 990 किलोकॅलरी, चार ताटल्यांत गेले. बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, कडक ऊन मिळावे म्हणून गच्चीवर राखण करणाऱ्या आपल्या घरांत नूडल्सना दोन तास पंख्याखाली पसरून ठेवण्याचा धीर उरलेला नाही. मी त्या सुती कापडावर सुकवते, कॉर्नफ्लोअर भुरभुरते आणि मूठमूठच तळते. बरेचसे तेल नूडल्स बाहेर काढल्यावर, आतली वाफ निवताना, आत ओढले जाते. म्हणून झारा कढईवरच धरून गरम असतानाच झटकावा.

तयार पाकीट घेणारे ‘प्रति सर्व्हिंग’चा आकडा वाचून निश्चिंत होतात. समजा 30 ग्रॅमला 250 मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि 150 ग्रॅमचे पाकीट एकट्याने संपवले, तर पोटात 1250 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे जवळपास 3 ग्रॅम मीठ गेले; जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमहून कमी आहे, आणि वरचा सोया सॉस अजून मोजायचाच आहे.

‘कोलेस्टेरॉल नाही’ या शब्दांना भुलू नये, कारण वनस्पती तेलात ते नगण्यच असते. अजिनोमोटोच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनी मिठाचा डबाही पाहावा: अजिनोमोटोत सुमारे 12 टक्के सोडियम असते, मिठात 39 टक्के. वर मूठभर कोबी पेरल्याने खालचे तेल कमी होत नाही.

उरलेले तेल मी गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवते. तळणीला पुन्हा घेत नाही.