ईडिपस वाचताना पेन्सिल कुठे टेकवायची

सोफोक्लीसच्या 'राजा ईडिपस' या ग्रीक शोकांतिकेचा विषय निघाला की दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "शेवटी नशिबापुढे कुणाचं काय चालतं?" मग चहा येतो आणि चर्चा संपते. मीही पुष्कळ वर्षं हेच म्हणायचो. आता आमच्या गुरुवारच्या वाचनाला नवीन कुणी आलं, की आधी कागद-पेन्सिल हातात देतो.

कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे नाटक सुरू होण्याआधीच घडून गेलेलं लिहा. ईडिपसचा बाप, थीब्जचा राजा लायस याला मिळालेली भविष्यवाणी (मुलगा तुला मारेल), मरायला टाकलेलं तीन दिवसांचंही न झालेलं मूल, त्याचे टोचून बांधलेले घोटे (ईडिपस म्हणजेच 'सुजलेल्या पायांचा'), कॉरिंथमधलं लहानपण, तिठ्यावरची मारामारी (तीत लायस मेला), स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं, योकास्टाशी, म्हणजे नकळत स्वतःच्या आईशी लग्न. उजवीकडे फक्त रंगमंचावर घडतं ते. अपोलोच्या डेल्फीच्या देवळातल्या भाकितातला पितृवध आणि आईशी लग्न, दोन्ही डावीकडेच उरकलेलं दिसेल. उजवीकडे उरतो तो लायसच्या खुन्याचा शोध, आणि तो ईडिपस स्वतः करतो. लोक रोगराईचं गाऱ्हाणं घेऊन येण्याआधीच त्यानं मेहुण्याला, क्रेऑनला डेल्फीला धाडलेलं असतं. खुन्याला शाप देतो तो त्याच्याच तोंडून.

मग त्याला कोण कोण थांबवतं, तिथे खुणा करा. मोठ्या जागा तीन आहेत. आंधळा द्रष्टा टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे. योकास्टाला सगळं उमगतं तेव्हा ती गयावया करते, पुढे विचारू नकोस. तिसरा म्हातारा मेंढपाळ, ज्याच्याकडे ते मूल मारायला दिलं होतं. तिन्ही वेळा ईडिपसला गप्प बसता आलं असतं. तो बसत नाही. 'मी कोण?' याचं उत्तर दैवानं आधीच लिहून ठेवलंय, पण ते उकरून काढणारा माणूस कसा आहे, हे या तीन जागांवर कळतं.

मेंढपाळाची भूमिका मी कॉलेजात केलीय, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. तो बोलेना तेव्हा ईडिपस त्याचे हात मागे पिरगळायला लावतो. आमच्या सैनिकानं तालमीत ते इतकं मनावर घेतलं की दोन दिवस मला शर्ट घालता येत नव्हता. पण तिथेच कळलं, की तो प्रवेश आवाज चढवून होत नाही. मेंढपाळ म्हणतो, आता जे बोलायचंय ते भयंकर आहे. राजा म्हणतो, आणि मला ते ऐकायचंय. तरी ऐकलंच पाहिजे. ही दोन वाक्यं मोठ्यानं वाचा, मध्ये श्वासभर थांबा. त्या थांबण्यात तो अजून मागे फिरू शकतो.

सत्य कळल्यावर ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो, तेव्हा कोरस (थीब्जच्या म्हाताऱ्यांचा गट) विचारतो, कुठल्या देवानं हे करवलं? तो म्हणतो, अपोलोनं. पण घाव घालणारा हात माझाच. दोन्ही अर्ध्यांखाली रेघ मारा. एक खोडून दुसरं ठेवू नका.

आपल्याकडच्या वाचकाचा पाय इथे हमखास घसरतो. प्रारब्ध, संचित, गेल्या जन्मीचं पाप हा हिशोब या नाटकात नाही. आणि उलट्या बाजूनं त्याला अगदी निर्दोषही ठरवू नका. बापाला मारशील असं नुकतंच ऐकलेला तरुण, बापाच्या वयाच्या माणसाशी वाट देण्यावरून भांडून त्याला ठार करतो. चिडका आहे, हे मान्य करू या.

ईडिपसच्या म्हातारपणावरचं सोफोक्लीसचं नाटक, 'कोलोनसमधला ईडिपस', लगेच हाती घेऊ नका. सोफोक्लीसच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. 401 मध्ये ते रंगमंचावर आलं. त्यात म्हातारा ईडिपस म्हणतो, ती कृत्यं मी केली त्यापेक्षा भोगली जास्त. मध्ये महिनाभर जाऊ द्या, म्हणजे हा बदललेला सूर कानाला लागतो.

शेवटी पुन्हा मेंढपाळाकडे या. मूल मारायचं सोडून परक्याला का दिलंस, असं राजा विचारतो. तो म्हणतो, दया आली. त्या दयेमुळेच भाकित खरं झालं. ही दया रेघेच्या डावीकडे लिहायची की तिच्यासाठी तिसरा रकाना आखायचा, यावर आमचे दोन गुरुवार भांडणात गेलेत.