अ‍ॅल्युमिनियमची जुनी नाव: आधी पाणी भरा, मग खर्च करा

पालथी पडून राहिलेली बारा फुटी अ‍ॅल्युमिनियमची नाव स्वस्तात मिळते, कारण ती गळते. आणि गळते म्हटल्यावर माणूस ती थेट टेम्पोत घालून सांगलीजवळच्या कुपवाड नाहीतर मिरज एमआयडीसीत वेल्डिंगला नेतो. पैसे वाया जातात ते तिथंच. अशा नावेत बहुतेक वेळा पत्रा फाटलेला नसतो, पत्रे जोडणारे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेले धातूचे खिळे, सैल झालेले असतात. शिवाय आधीच्या मालकानं गळती थांबवायला लावलेले लोखंडी बोल्ट, डांबर आणि सिलिकॉन काढण्यातच तुमचा निम्मा वेळ जाणार आहे.

घेतानाच तीन गोष्टी बघा. अंधार पडल्यावर नाव उभी करून आत बल्ब लावा आणि बाहेरून तळ न्याहाळा. तांबड्या-पिवळ्या ठिपक्यांसारखा उजेड चार-दोन जागी दिसला तर चालेल, चाळणीसारखा दिसला तर भंगाराच्या दरानंही घेऊ नका. मग आतल्या फळ्या उचलून जिथं काळा गाळ बसलेला असतो तिथं पांढरी पूड आणि खड्डे आहेत का पाहा, आणि खड्ड्यात पेचकस दाबा. आरपार गेला तर तेवढा पत्रा बदलावाच लागेल. तिसरं, इंजिन अडकवायच्या मागच्या फळीवर हातोडी वाजवा. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलंय, पण हे दुरुस्त होतं, म्हणून त्याच्यावर भाव पाडून घ्या. नाव वजनावर विकत असतील तर सीटखालचा, नाव तरंगती ठेवणारा फोम आधी बघा. तो पाणी प्यायलेला असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय.

आता गळती शोधायची. नाव टायरवर आणि वाळूच्या पोत्यांवर अशी ठेवा की कण्याला (तळाच्या मधल्या लांब पट्टीला) आणि दोन्ही बाजूंना आधार मिळेल. आत चार इंच पाणी भरलं तरी ते चारेकशे लिटर, म्हणजे चारशे किलो होतं. नुसती दोन टोकं टेकवलेली असतील तर नाव वाकते आणि चांगले रिव्हेटही सैल होतात. बाहेरून तळ कोरडा पुसून त्यावर खडूची भुकटी फासा आणि अर्धा तास थांबा. पाणी कण्यावरून घरंगळत पार दुसरीकडं ठिबकतं, म्हणून थेंब पडतो त्या जागी खूण करू नका, ओल जिथून सुरू होते त्या सगळ्यात वरच्या ठिकाणी करा.

खूण केलेला रिव्हेट बदलायच्या आधी आवळून बघा. याला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून रिव्हेटच्या टोपीवर दोन-तीन किलोचा लोखंडी ठोकळा घट्ट टेकवायचा, दुसऱ्यानं आतून शेपटीवर, म्हणजे ठोकून चपट्या केलेल्या टोकावर, हातोडीचे तीन-चार बेताचे ठोके द्यायचे. जास्त ठोकलं तर शेपटी चिरते आणि आजूबाजूचा पत्रा पातळ होतो. बरीच गळती एवढ्यानंच थांबते, आणि याला खर्च शून्य.

टोपी झिजलेली किंवा भोक मोठं झालेलं असेल तर रिव्हेट बदला. टोपीच्या बरोबर मध्यावर रिव्हेटच्या दांड्यापेक्षा जरा बारीक ड्रिल मारा, टोपी उडवा आणि उरलेला भाग पंचनं बाहेर काढा. नवा भरीव अ‍ॅल्युमिनियम रिव्हेट घ्या. लांबीचा हिशोब सोपा आहे: पत्र्यांची एकूण जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. दीड-दीड मिलिमीटरचे दोन पत्रे आणि ४.८ मिलिमीटरचा रिव्हेट असेल तर साधारण १० मिलिमीटर. ठोकून झाल्यावर शेपटी व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच उरली पाहिजे. सीटच्या पेटीखाली हात जात नाही तिथं एकाच बाजूनं गननं बसवायचा पॉप रिव्हेट चालतो, पण बंद तोंडाचा. साध्या पॉप रिव्हेटच्या मधोमध भोक असतं आणि त्यातला लोखंडी खिळा गंजतो. कुठलाही रिव्हेट घाला, आधी तो पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटमध्ये बुडवा. सिलिकॉन मात्र नको. त्यावर पुढं रंगही बसत नाही आणि दुसरं सीलंटही.

सांध्यांतून झिरपत असेल तर आतून दोन भागांचं इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की घट्ट होणारं चिकट, लावा. जुनं डांबर रॉकेल आणि लाकडी पट्टीनं काढा, साबणानं तेल घालवा आणि सांधा पूर्ण वाळू द्या. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेतच लगेच ऑक्साइडचा थर येतो, म्हणून पहिला पातळ हात लावल्यावर ओल्या इपॉक्सीतच पॉलिश पेपरनं पत्रा घासा. पकड यानंच येते. कॉस्टिक सोड्यानं धुवायचा मोह टाळा, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. लोखंडी तारेचा ब्रशही वापरू नका, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच खड्डे पडतात. काळे डाग काढायला भांड्यांसाठी वापरतात तशी चिंच चालते, फक्त नंतर भरपूर पाण्यानं धुवा.

वेल्डिंग फक्त चिरेसाठी. चीर पुढं जाऊ नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि मगच दुकानात न्या. ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात ते एसी करंटवरचं टिग (टंगस्टन इलेक्ट्रोडचं) वेल्डिंग हवं, आणि भरायचा रॉड ५३५६ या मिश्रधातूचा मागा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण वरचं ऑक्साइड दोन हजारांच्या पुढं. म्हणून न घासलेल्या पातळ पत्र्यावर कारागीर ताप वाढवत जातो आणि अचानक मोठं भोक पडतं. वेल्डिंगजवळचे रिव्हेट तापून सैल होतात, तेव्हा परत आल्यावर पाण्याची चाचणी पुन्हा करा. फोम आधी पूर्ण काढा, तो पेटला की विषारी धूर होतो.

मागच्या फळीसाठी आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. १९ मिलिमीटरचे दोन तुकडे इपॉक्सीनं चिकटवले की ३८ होतात. अख्खी आठ बाय चारची शीट लागत नाही, सुताराकडं उरलेला तुकडा मिळाला तर बघा. जुनी फळी तुकड्यांत निघाली तरी टाकू नका, तोच नमुना. कडांना इपॉक्सीचे तीन हात द्या. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीनं भरा आणि मग हव्या मापाची पुन्हा पाडा, म्हणजे पाणी लाकडापर्यंत जात नाही. बोल्ट स्टेनलेस आणि खाली नायलॉनचा वॉशर. पितळ, तांबं किंवा तांब्याचं औषध मारलेलं लाकूड ओल्या पत्र्याला लागलं की गंजतो तो पत्रा. पैसे वाचवायची ही जागा नाही.

फोमच्या बाबतीत मात्र वाचवता येतं. बुचाला सीलंट लावलेले पाच आणि वीस लिटरचे प्लास्टिकचे कॅन सीटखाली पट्ट्यांनी बांधले तरी काम होतं. ८० किलो अ‍ॅल्युमिनियम पाण्यात बुडाल्यावर सुमारे ५० किलो भरतं, त्यात इंजिनचे ३० मिळवा. जाळी, बर्फाची पेटी आणि काठाला धरून लोंबकळणारी माणसं धरून निदान १५० लिटर हवा बंद असू द्या. कॅन दोन्ही बाजूंना आणि जमेल तितके वर बांधा, तळाशी बांधले तर पाण्यानं भरलेली नाव उलटी होते. थर्माकोल नको, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

रंग फक्त बाहेरून दिला तरी पुरे. साधारण ७५ चौरस फुटांना एका हाताला लिटरभर धरा. ऑइल पेंट थेट पत्र्यावर दिला तर पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्रे निघतात. आधी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, तोही घासल्यापासून दोन-तीन तासांत, आणि वर पीयूचा रंग. लाल शिशाचा प्रायमर आणि तांब्याचा तळरंग अ‍ॅल्युमिनियमला चालत नाही. हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान उरका. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की रंग पसरायच्या आधीच ओढतो.

पाण्यात सोडल्यावर पहिल्या दिवशी संथ डोहात, काठाजवळ, नेहमीचं वजन चढवा आणि काठ पाण्याच्या वर निदान एक फूट राहतो का ते मोजा. तेवढी माणसं आणि सामान ही मर्यादा, ती आतल्या बाजूला रंगानं लिहा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटली तेव्हा तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. मासेमारीसाठी दुरुस्त केलेली बारा फुटी नाव पुराच्या पाण्यात काढायची नाही. सांगलीला कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, पण नाव काठावरून हलवायला ४० ची वाट बघू नका.

ठेवताना पालथी, पुढचं टोक किंचित खाली, नावेचं पाणी काढायचं बूच काढून, टायरवर. सिमेंटच्या ठोकळ्यांवर कधीच नको, ओलं सिमेंट पत्र्याला हळूहळू खातं.