आमवातातल्या पेशींचा ग्लायकोलिसिस कसा मोजायचा

आमवातात सांध्याच्या अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट (ऊतींचा सांगाडा बनवणाऱ्या) पेशी ग्लुकोजचा फडशा पाडतात. ग्लुकोज तोडून ऊर्जा आणि लॅक्टेट बनवण्याची ही प्रक्रिया म्हणजे ग्लायकोलिसिस. तिची पहिली पायरी करणारं हेक्सोकायनेज-२ हे एन्झाइम वाढतं, लॅक्टेट बाहेर पडत राहतं. सुजलेल्या सांध्यातल्या द्रवात ग्लुकोज कमी आणि लॅक्टेट जास्त सापडतं त्याचं हेही एक कारण. पेशींनी माध्यमात सोडलेलं आम्ल मोजणाऱ्या सीहॉर्स यंत्रावर हा फरक मोजता येतो, पण प्रयोग बिघडतो तो बहुधा यंत्रापर्यंत पोचण्याआधीच.

पेशी तिसऱ्या ते आठव्या पॅसेजमधल्याच (पेशी नव्या भांड्यात वाढवायला घेण्याची प्रत्येक फेरी म्हणजे पॅसेज) घ्या. त्याआधी मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी मिसळलेल्या असतात, त्यानंतर पेशी म्हाताऱ्या होऊ लागतात. तुलनेच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (सांध्यांच्या झिजेच्या) पेशीही त्याच पॅसेजच्या हव्यात. मायकोप्लाझ्मा या पेशींना लागणाऱ्या जीवाणूची चाचणी आधी करा. तो स्वतःच पोषकद्रव्यं खातो आणि आकडे फिरवतो.

आदल्या दिवशी ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला १५,००० पेशी ८० मायक्रोलिटर माध्यमातून टाका. चारही कोपऱ्यांत फक्त माध्यम. प्लेट तासभर बाहेरच, न हलवता ठेवा. लगेच इन्क्युबेटरमध्ये सरकवली की पेशी कडेला गोळा होतात. यंत्राचं सेन्सर कार्ट्रिज (वेलमध्ये मोजमाप करणारा आणि द्रावणं सोडणारा भाग) रात्रभर ३७ अंशांवर, कार्बन डायऑक्साइडविना भिजू द्या.

दुसऱ्या दिवशी पेशी धुऊन ग्लुकोज आणि बायकार्बोनेट नसलेलं, २ मिलिमोलर ग्लुटामिनचं, ७.४ पीएचचं माध्यम १८० मायक्रोलिटर भरा. धुणं काटेकोर हवं. बायकार्बोनेट मागे राहिलं तर ते आम्ल शोषून घेतं आणि आलेख सपाट येतो. मग प्लेट ४५ ते ६० मिनिटं कार्बन डायऑक्साइडविना ३७ अंशांवर ठेवा.

कार्ट्रिजच्या पोर्ट (द्रावणाचा कप्पा) ए मध्ये १०० मिलिमोलर ग्लुकोज २० मायक्रोलिटर, बी मध्ये मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जानिर्मिती थांबवणारं १० मायक्रोमोलर ऑलिगोमायसिन २२, सी मध्ये ग्लायकोलिसिस रोखणारं ५०० मिलिमोलर टू-डीऑक्सिग्लुकोज २५. प्रत्येक द्रावण वेलमध्ये दहापट पातळ होतं. ग्लुकोजनंतरची वाढ म्हणजे ग्लायकोलिसिस, ऑलिगोमायसिननंतर गाठलेली एकूण पातळी म्हणजे त्याची कमाल क्षमता. शेवटच्या पोर्टनंतरही उरणारं आम्ल ग्लायकोलिसिसचं नव्हे. मायटोकॉन्ड्रियातला कार्बन डायऑक्साइडही माध्यम आम्लीय करतो, म्हणून लॅक्टेट वेगळं मोजून पडताळा घ्याच.

शेवटी त्याच प्लेटमधला डीएनए मोजून आकडे त्याने भागा. आमवाताच्या पेशी भराभर वाढतात. पेशीच जास्त असल्या तर आम्लही जास्तच दिसणार.

टी पेशींना मात्र हा हिशेब लावू नका. आमवातात नाइव्ह (अजून सक्रिय न झालेल्या) सीडी४ टी पेशींमध्ये ग्लायकोलिसिसला वेग देणारं पीएफकेएफबी३ हे एन्झाइम कमी पडतं आणि ग्लुकोज पेंटोज फॉस्फेट या दुसऱ्या मार्गाकडे वळतं. तिथे लॅक्टेट कमी निघालं तर तो प्रयोगाचा दोष धरू नका.