फोडणीचा भात आणि फ्रीज: या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात आमच्याकडे घणसोलीला पाहुणे होते, कुकरच्या दोन शिट्ट्यांचा नाही, चांगला मोठ्या पातेल्यात भात लावलेला, रात्री नऊला जेवणं उरकली आणि उरलेला भात झाकण घालून ओट्यावरच राहिला, म्हटलं गार झाला की फ्रीजमध्ये टाकू आणि झोपून गेलो. सकाळी सासूबाईंनी कांदा-मिरची घालून फोडणीचा भात केला, वाफाळता, वासही एकदम छान. बाराच्या आत सासरे आणि माझा मुलगा दोघांनाही उलट्या.

सगळ्यात मोठी चूक हीच, की पुन्हा गरम केलं म्हणजे झालं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा बॅक्टेरिया असतो, त्याचे बीजाणू (म्हणजे टणक कवचात झोपलेलं त्याचं रूप) भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष सोडतात जे फोडणीच्या कढईतच काय, उकळूनही जात नाही. आणि वासावरून काही कळत नाही, त्यामुळे "वास तर ठीक आहे" यावर कृपया जाऊ नका.

बॅक्टेरियाला अन्न, ओलावा, ऊब आणि वेळ लागतो. 5 ते 60 डिग्रीच्या मधे त्यांचं फावतं, आणि सगळं मनासारखं असेल तर काही जाती 20 मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे एकाचे 7 तासांत 20 लाखांवर! आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा स्वयंपाकघर उबदारच असतं. म्हणून शिजवलेलं अन्न 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये, फार उकाडा असेल तर तासाभरातच.

पण अख्खं पातेलं उचलून आत ठेवायचं नाही. मधला भात कितीतरी तास कोमट राहतो, मी एकदा वरून गार लागलेल्या पातेल्यात मधोमध चमचा घातला तर आत चक्क ऊब होती. पसरट थाळ्यात किंवा छोट्या डब्यांत काढा, वाफ गेली की लगेच आत. आणि फ्रीज गच्च भरू नका, हवा फिरली पाहिजे, आतलं तापमान 4 डिग्रीच्या आसपास हवं.

फ्रीजरमध्ये सगळं मरतं हाही गैरसमज, बहुतेक बॅक्टेरिया तिथे नुसते थांबतात. म्हणून मटण, मासे बाहेर ओट्यावर नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या.

लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असल्यामुळे ते टिकतं, पण ओला चमचा घातला की वरच्या थरात पाणी शिरतं आणि तिथे मीठ पातळ होतं, मग बुरशी धरते.

शेवटचं, ओट्याचं फडकं. पावसाळ्यात ते कधी वाळतच नाही, चुरगाळून सिंकच्या कडेला पडलेलं असतं आणि त्याच फडक्याने आपण ताटं पुसतो. दोन-तीन फडकी ठेवा, रोज गरम पाण्यात साबणाने धुवा आणि पंख्याखाली पूर्ण उलगडून वाळत घाला.