ईएचआरवरून विद्यार्थ्यांना शिकवताना या चुका टाळा

रुग्ण नेमून दिला की विद्यार्थी आधी कॉम्प्युटरकडे वळतो. ईएचआर, म्हणजे रुग्णाचं कॉम्प्युटरवरचं रेकॉर्ड, उघडून आधीच्या डॉक्टरांचं निदान वाचतो आणि मग खाटेपाशी जाऊन त्या निदानाला साजेसे प्रश्न विचारतो. शिकवण्याच्या दृष्टीने मला हीच सगळ्यात मोठी चूक वाटते. दम लागलेल्या रुग्णाच्या नोंदीत ‘न्यूमोनिया’ वाचलं, की पायांवरची सूज आणि मानेतली फुगलेली शीर, या हृदयाच्या आजाराकडे बोट दाखवणाऱ्या खुणा, बघायच्या राहून जातात. म्हणून निदान शिकवायचं असेल तेव्हा क्रम उलटा ठेवा. आधी हिस्ट्री, तपासणी आणि संभाव्य निदानांची स्वतःची यादी कागदावर; रेकॉर्ड त्यानंतर. ॲलर्जी आणि संसर्गाची खबरदारी मात्र आधीच सांगा, त्यात धोका पत्करायचा नाही. यादी आणि रेकॉर्ड जुळलं नाही, तर तिथे थांबा. शिकवण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच असतं.

कॉपी-पेस्टचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. कालची नोट आज पुढे ओढली की काढून टाकलेला कॅथेटर नोटमध्ये तसाच राहतो, बंद केलेलं अँटिबायोटिक चालू दिसतं. टेम्पलेटमध्ये आधीच भरलेलं ‘सर्व नॉर्मल’ कुणी बदललं नाही, तर एक पाय कापलेल्या रुग्णाच्याही दोन्ही पायांच्या नाड्या लागल्याची नोंद होते. ‘कॉपी करू नका’ एवढं सांगून हे थांबत नाही. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी 1968 मध्ये समस्यानिहाय नोंदींची पद्धत मांडली, ती डॉक्टरचा विचार कागदावर दिसावा म्हणून. तेव्हा नोट तपासताना असेसमेंट, म्हणजे विद्यार्थ्याने आजाराबद्दल काय विचार केला तो भाग, आधी वाचा. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा सिस्टिम आपोआप भरते. तो का वाढला, हे विद्यार्थ्यालाच लिहावं लागतं. ते नसेल तर नोट परत करा, आणि कारण सांगा. नुसती सही करून पुढे पाठवलेल्या नोटमधून तो काहीच शिकत नाही.

राउंडला स्क्रीन रुग्णालाही दिसेल अशी वळवा. औषधांची यादी विद्यार्थ्याला रुग्णासमोर वाचायला लावा. ‘ही गोळी तर मी केव्हाच सोडली’ हे तेव्हाच कळतं.

ॲक्सेस मिळाला नाही म्हणून विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन कधीही देऊ नका. त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे कुणी काय उघडलं-लिहिलं याच्या सिस्टिममधल्या नोंदीत, तुमच्या नावावर जाते. ॲक्सेस मिळेपर्यंत सरावासाठीची सिस्टिम वापरा. नेमून न दिलेल्या रुग्णाचं रेकॉर्ड कुतूहलापोटी उघडणं, स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकणं हेही बंद करा. नाव झाकलं तरी तारखा आणि दुर्मिळ आजार यांवरून रुग्ण ओळखू येतो.

शेवटची चूक सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. रुग्ण घरी गेला की विद्यार्थ्यासाठी ती केस संपते. बायोप्सीचा रिपोर्ट नंतर येतो आणि आपलं निदान बरोबर होतं का, हे त्याला कधीच कळत नाही. तुमच्या संस्थेचे नियम परवानगी देत असतील, तर त्याला नेमलेल्या रुग्णांची यादी सिस्टिममध्ये ठेवू द्या, आणि काही दिवसांनी राउंडला त्यातल्या एखाद्याचं पुढे काय झालं ते विचारा.